मूर्तीपुढे उभं राहिल्यावर कानात कोण बोलतं?

नांदेड जिल्ह्यातली मुदखेड, भोकर, उमरीकडची माणसं माहूरला जातात ती रेणुकामातेच्या दर्शनाला. दत्तशिखर होतं, अनसूयामातेचं मंदिर होतं, वेळ उरला तर पांडवलेणी. त्याच माहुरात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं एक संग्रहालय आहे. तिकडे चला म्हटलं की बहुतेक घरांतून ठरलेलं उत्तर येतं : ‘तिथं काय बघायचं? सगळ्या मूर्ती सारख्याच दिसत्यात.’

या उत्तरावर रागवायचं कारण नाही, कारण ते खरं आहे. मूर्तीच्या पायाशी जी पाटी असते तिच्यावर देवतेचं नाव, दगडाचा प्रकार, शतक आणि सापडल्याचं गाव एवढंच असतं. ज्याला मूर्तिशास्त्र येतं त्याचं तेवढ्यावर भागतं. बाकीच्यांना पाटी वाचूनही मूर्ती पहिल्याइतकीच परकी राहते.

घरातली कॉलेजात जाणारी पोरं मात्र पुढचा प्रश्न विचारतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लोक कानाला यंत्र लावून फिरतात, ते यंत्र मराठीतही सांगतं. मग तेच काम खिशातला मोबाइल करणार नाही का? करेल. त्यासाठी त्याला आत काय काय लागतं आणि खरी मेहनत कुठे पडते, ते क्रमाने पाहू.

१. डोळे पाटीवर, मग मूर्तीवर कोण?

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली एक लेख लिहिला. प्रेक्षक संग्रहालयात इतक्या लवकर का थकतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एका माणसाला कपाटातल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले, आणि उत्तरं शोधताना त्याला कसं वाकावं लागतं, कशी मान वळवावी लागते, गुडघे कसे टेकावे लागतात, याचे फोटो काढले. त्या थकव्याला त्यांनी ‘म्युझियम फटीग’ असं नाव दिलं आणि ते आजही वापरात आहे.

वाकण्याबरोबर दुसरा शीण असतो नजरेचा. पाटी वाचायला डोळे मूर्तीवरून काढावे लागतात. ‘डाव्या हातात परशू’ असं वाचायचं, मग वर बघून हात शोधायचा, तोवर पुढचं वाक्य हरवतं. कानाचं तसं नाही. तो ऐकत असताना डोळे मोकळे असतात. आवाज म्हणतो, डावा हात पाहा. आणि आपण त्याच क्षणी डावा हात पाहत असतो. ऑडिओ गाइडची सगळी उपयुक्तता या एका गोष्टीत आहे.

त्यातून आपोआप आणखी एक गोष्ट साधते. ज्या आजीला वाचता येत नाही तिला पाटीचा काहीच उपयोग नसतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला तर संपूर्ण दालनाचाच नसतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं दालन उघडलं. तिथे निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने चाचपता येतात आणि त्याच वेळी कानाने माहिती ऐकता येते. दाराशी लागलेली ‘हात लावू नका’ ही पाटी तिथे चालत नाही.

२. ॲमस्टरडॅमचा रेडिओ आणि मुदखेडचा फलाट

ही कल्पना मोबाइलच्या पुष्कळ आधीची. १९५२ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयाने दालनाभोवती तारेचं वेटोळं बसवलं. एका टेपवरची माहिती त्या तारेतून छोट्या लहरींवर दालनापुरती प्रसारित व्हायची. प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन आणि हातात छोटा रेडिओ. भाषा निवडायची सोयही होती.

त्यात गैरसोय कोणती, हे मुदखेड जंक्शनच्या फलाटावर उभं राहिलं की लगेच कळतं. भोंग्यातून घोषणा होते ती सगळ्यांसाठी एकदाच. तुम्हाला आदिलाबादकडे जायचंय की निझामाबादकडे, तुम्ही आताच आलात की तासापूर्वी, याच्याशी तिचा संबंध नसतो. स्टेडलिकमध्येही टेप एकच होती, म्हणून सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकाच चित्राकडे वळत आणि एकाच वेळी पुढे सरकत.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःचा टेपरेकॉर्डर. अमेरिकेत हाइड पार्क इथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं घर आहे. १९५७ च्या सुमारास तिथे त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्याच आवाजातली ध्वनिफीत पाहुण्यांना मिळू लागली. ज्या घरात संसार केला त्याच घराच्या खोल्या त्या बाई स्वतः दाखवत आहेत, असं ते ऐकणं होतं. कोणाचा आवाज, हा प्रश्न किती मोलाचा आहे ते तेव्हाच दिसून आलं होतं. त्याकडे आपण परत येऊ. पण टेपला एक मर्यादा होतीच. ती सुरुवातीपासून शेवटाकडे जाते. मधली खोली गाळायची तर रीळ पुढे सारत बसा.

१९९० च्या दशकात आवाज अंकांच्या रूपात चिपवर साठवता येऊ लागला आणि ती अडचण सुटली. वस्तूशेजारी आकडा, यंत्रावर बटणं. २७ दाबा, २७ व्या वस्तूची माहिती ऐका. हवं ते, हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाने २०१२ साली मुलांच्या खेळाचं निन्टेंडो यंत्रच गाइड म्हणून हातात दिलं.

या सगळ्या यंत्रांचा खर्च मात्र मोठा. ती विकत घ्यायची, रात्री चार्ज करायची, पुसायची, ओळखपत्र ठेवून द्यायची आणि परत मोजून घ्यायची. रोज शे-दोनशे माणसं येणाऱ्या गावच्या संग्रहालयाला हे झेपत नाही. प्रेक्षकाचा स्वतःचा फोन वापरला की हा सगळा भाग गळून पडतो. लहान संग्रहालयांसाठी ही बातमी मोठ्या संग्रहालयांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

३. फोनला कसं कळतं की आपण कुठल्या मूर्तीपुढे आहोत?

बहुतेकदा फोनला कळत नाही, आपणच सांगतो. सगळ्यात साधा मार्ग आकड्याचा. पाटीवर मोठा ‘७’ असतो, आपण फोनमध्ये ७ दाबतो. यात बिघडण्यासारखं काही नाही.

दुसरा मार्ग क्यूआर कोडचा. चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण जो काळा-पांढरा चौकोन टिपतो, तोच. तो १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, त्यांवरून कॅमेऱ्याला कोड कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे ते समजतं. माहिती थोडी जादा भरून ठेवलेली असते, त्यामुळे मजबूत प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. ओरखडे आणि धूळ यांना तो सहसा दाद देत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. त्या चौकोनात आवाज नसतो. त्यात फक्त पत्ता असतो, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पानाचा ठावठिकाणा. पान गेलं की कोड भिंतीवर नुसता चिकटून राहतो. म्हणून संग्रहालयाने कोड करताना स्वतःच्या कायम पत्त्यावरच करावा. फुकट कोड करून देणाऱ्या काही सेवा मधे आपला पत्ता घालतात आणि त्यांची मुदत संपली की दार बंद होतं. कोडच्या खाली आकडाही छापावा, कॅमेरा फुटलेल्या फोनवाल्याची सोय होते. आणि कोड काचेच्या मागे नको. दिव्याची तिरीप पडली की माणूस फोन वाकडातिकडा करत बसतो.

तिसरा मार्ग जीपीएसचा, ज्यात फोन आपल्याला न विचारता जागा ओळखतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. छप्पर आणि जाड दगडी भिंत त्याला अडवतात. मोकळ्या आकाशाखाली फोन आपली जागा साधारण पाचेक मीटरच्या फरकाने सांगू शकतो. त्यामुळे संग्रहालयाच्या खोलीत, जिथे दोन मूर्तींत हातभर अंतर असतं, तिथे जीपीएस कुचकामी. पण नांदेड जिल्ह्यातलंच कंधार घ्या. राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव असलेलं हे गाव. खंदकाचा भुईकोट किल्ला आहे, तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी जोडलेला शिलालेख आहे, त्यात उल्लेखलेला जगत्तुंगसमुद्र तलाव आहे, आणि क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. त्यातलं नुसतं पाऊल पाहिलं तरी अख्खी मूर्ती केवढी असेल या विचाराने माणूस गप्प होतो. या जागा एकमेकींपासून लांब लांब आहेत. इथे फोनने आपण होऊन म्हणावं, ‘थांबा, तुम्ही आता खंदकापाशी आलात,’ तर ते बरोबर जमतं.

चौथा मार्ग ब्लूटूथचा. भिंतीवर बटणाएवढं यंत्र लावायचं, ते सतत आपली खूण पाठवत राहतं, आणि खूण किती जोरात येते त्यावरून फोन अंतराचा अंदाज करतो. ऐकायला छान, पण समोर पाच माणसं उभी राहिली की त्यांची शरीरंच लहरी शोषून घेतात आणि फोन शेजारच्या मूर्तीची कथा सुरू करतो. शिवाय सेल बदलत राहायचे. तालुक्याच्या गावात मी हा मार्ग सुचवणार नाही.

४. नेटवर्क नसेल तर?

माहूरसारख्या डोंगराळ मुलखात ही पहिली शंका. तिचं उत्तर साध्या गणितात आहे.

माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं यासाठी दर सेकंदाला ६४,००० बिट पुरतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. मिनिटाला झाले ४,८०,०००, म्हणजे अर्ध्या एमबीपेक्षा कमी. आता समजा, संग्रहालयाने २० वस्तू निवडल्या आणि प्रत्येकीला दीड मिनिट दिलं. एकूण ३० मिनिटं. म्हणजे सुमारे साडेचौदा एमबी. तीन भाषा केल्या तरी ४५ एमबीच्या आत. लग्नाचे दोन-चार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आले की यापेक्षा जास्त जागा जाते. हे सगळं तिकिटाच्या खिडकीपाशी एकदा उतरवून घेतलं की आत नेटवर्कची गरजच नाही.

खिडकीपाशीही नेटवर्क नसेल तर आणखी एक युक्ती आहे. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफाय म्हणजे फोन आणि जवळचा राउटर यांच्यातली बिनतारी जोडणी. तो राउटर पुढे जगाशी जोडलेला असो वा नसो. पंज्याएवढ्या स्वस्त संगणकात ध्वनिफिती ठेवून तो राउटरला जोडला, तर इमारतीपुरतं एक छोटं जाळं तयार होतं. बाहेर टॉवर बंद असला तरी आत ऐकू येतं. वीज मात्र लागते, त्यामुळे इन्व्हर्टरची सोय पाहावी.

आणि बटणांचा साधा फोन असेल तर? त्यालाही वाट आहे. गॅस बुक करताना एक नंबर फिरवून आपण बटणं दाबतो, तीच पद्धत. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने २००५ च्या आसपास अशा फोनवरच्या गाइडचा प्रयोग केला. फोनच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले सूर जातात. त्यात माणसाचं बोलणं नीट समजतं. संबळ किंवा तुणतुण्याचा खरा नाद मात्र पोचत नाही. वाद्यांच्या दालनासाठी ही पद्धत कच्ची, मूर्तींसाठी चालेल.

५. दीड मिनिटात बोलायचं काय?

आतापर्यंतचा भाग कुठलाही हुशार पोरगा चार सुट्ट्यांत करून देईल. अवघड काम इथून सुरू होतं. ठणठणीत राउटर आणि सुबक कोड असूनही गाइड फसतो, कारण कोणीतरी पाटीवरचाच मजकूर माइकसमोर वाचून दाखवलेला असतो.

संथपणे बोलताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. दीड मिनिट म्हणजे १८० शब्द. तेवढ्यात वस्तूचं सगळं सांगायचं नसतं. आधी नजर कुठे ठेवायची ते सांगायचं, मग तिथे जे दिसतंय त्याचा अर्थ, आणि मग वाटल्यास काळ आणि राजा. पाटी याच्या बरोबर उलट्या क्रमाने लिहिलेली असते.

उदाहरणासाठी लातूरहून जवळ असलेलं तेर घेऊ. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते आपल्याला माहीत आहे. पण पहिल्या शतकात, सातवाहनांच्या काळात, ते तगर नावाचं व्यापारी नगर होतं. गावातल्या पांढरीच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जपून गोळा केल्या, आणि आज त्यांच्याच नावाने तिथे शासकीय संग्रहालय आहे. त्या संग्रहातली सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे एक हस्तिदंती स्त्री-प्रतिमा. पाटीच्या भाषेत ती ‘स्त्री-प्रतिमा, हस्तिदंत, सातवाहन काळ’ एवढीच होईल. कानासाठी मी असं लिहीन :

‘काचेच्या जवळ या. आणखी जवळ. ही बाई एवढीशी आहे, की तुमच्या वितीत मावेल. आधी तिच्या अंगावरचे दागिने बघा. हत्तीच्या दातावर एवढं बारीक काम करायला कारागिराला किती धीर लागला असेल! आता तिच्याकडेच बघत राहा आणि ऐका. इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला आणि ते राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली त्या राखेतून अशीच एक हस्तिदंती बाई निघाली. दागिन्यांनी मढलेली, आणि भारतात घडवलेली. ती तिथवर कशी गेली? त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तिथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जातं. ते तगर म्हणजे हेच गाव. तुम्ही ज्या मातीवर उभे आहात, तिथूनच त्या गाड्या निघत होत्या.’

हा मजकूर मिनिटभरात बसतो. त्यात सातवाहन राजांची वंशावळ नाही, हे मुद्दाम. ज्याला हवी आहे त्याच्यासाठी ‘आणखी ऐका’ असं दुसरं बटण ठेवता येतं; फोनला ते अवघड नाही, आणि ज्याला नको त्याच्या वाटेत ते येत नाही. ‘तुम्ही ज्या मातीवर उभे आहात’ हे वाक्य मात्र कुठल्याही छापील पुस्तकात लिहिता येणार नाही. ते फक्त तेरमध्ये, त्या काचेपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कानातच खरं ठरतं.

वस्तू किती निवडाव्यात? गिलमन यांचा थकवा लक्षात ठेवला तर १२ ते १५. शंभर वस्तूंना आवाज देणारं संग्रहालय कष्टाळू असेल, पण तिसाव्या वस्तूनंतर कोणीही ऐकत नाही.

६. कोणत्या भाषेत आणि कोणाच्या आवाजात?

नांदेड जिल्ह्याच्या भाषा नुसत्या मोजून बघा. मराठी सगळीकडे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू. देगलूरच्या दक्षिणेला आणि पुढे लातूर जिल्ह्यात उदगीरकडे कन्नड. शहरांतून दखनी उर्दू. तांड्यांवर गोरमाटी. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी. आणि नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे पंजाबी भाविक. भिंतीवरच्या पाटीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी मावतात, तेवढ्यावर जागा संपते. फोनमध्ये जागेचा प्रश्नच उरलेला नाही हे आपण मघाशी गणिताने पाहिलं. पंधराएक एमबीत गोंडी बोलणाऱ्या बाईला तिच्या डोंगरातल्या लेण्यांची गोष्ट तिच्या बोलीत ऐकवता येते. मला या सगळ्या तंत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. तिच्या भाषेला सरकारी इमारतीत आजवर भिंत मिळाली नव्हती, आता आवाज मिळू शकतो.

आवाज यंत्राकडून करून घेता येतो. मजकूर दिला की मराठीत वाचून दाखवणारी प्रणाली आता सहज मिळते, आणि कामचलाऊ म्हणून ती बरी असते. पण मराठीतला ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांनी उच्चारतात आणि लिहितात एकाच तऱ्हेने. तिथे यंत्र चुकतं. गावांच्या नावांवर तर हमखास अडखळतं. आपल्या गावाचं नाव चुकीचं ऐकलं की माणूस इअरफोन काढून टाकतो, आणि त्याचं बरोबरच असतं. नांदेडला आकाशवाणीचं केंद्र आहे, म्हणजे माइकसमोर बोलायची सवय असलेली माणसं याच जिल्ह्यात आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तांड्यावरची मुलगी तिथे शिकत असेल तर गोरमाटीतली फीत तिनेच करावी. रेकॉर्डिंगसाठी मोठा स्टुडिओ लागत नाही; गाद्या आणि गोधड्या टांगलेली बंद खोली प्रतिध्वनी पुरेसा खाते. फक्त पंखा बंद ठेवायचा.

७. एकाच्या कानात, तर घरच्यांनी काय करायचं?

आपल्याकडे संग्रहालयात एकटा माणूस क्वचित येतो. येतं ते घर, नाहीतर शाळेची सहल. प्रत्येकाने कानात बोळे घातले तर एकमेकांशी बोलणं बंद, आणि सगळ्यांनी फोन मोठ्याने लावले तर दालनात गोंगाट. यावर मधला मार्ग असा की इअरफोन एकाच कानात घालायचा, दुसरा कान लेकराच्या प्रश्नासाठी मोकळा. फिती छोट्या ठेवण्याचा फायदा इथेही होतो, कारण दर दीड मिनिटाने घरातल्यांना बोलायला सवड मिळते. सहलीसाठी गुरुजींनी एकच फीत छोट्या स्पीकरवर लावावी आणि मुलांनी शोधून दाखवावं की आवाज कशाबद्दल बोलतोय.

अनेक संग्रहालयांच्या दारावर ‘मोबाइल बंद ठेवा’ असं लिहिलेलं असतं. त्यामागे फ्लॅशची आणि धक्काबुक्की करून सेल्फी काढण्याची भीती आहे, आणि ती खोटी नाही. पण ऐकणं आणि फोटो काढणं यांत फरक करणारी पाटी लिहिता येते, आणि दारातल्या शिपायाला तो फरक आधी समजावून सांगावा लागतो. नाहीतर कोड आत आणि फोन बाहेरच्या पेटीत, अशी गत व्हायची.

सगळं तयार झालं की पाहुण्यांसाठी खुलं करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. नववीतली एक मुलगी आणि तिची आजी, दोघींना काहीही न समजावता मूर्तीपुढे उभं करायचं. एकीच्या हातात फोन, कोड टिपणं तिच्याकडे. गाइड करणाऱ्याने बाजूला थांबून मूर्तीकडे नाही, त्या दोघींच्या डोळ्यांकडे बघायचं. आवाज ‘मुकुट’ म्हणतो तेव्हा नजर मुकुटावर जाते का? आजीची नजर जिथे भरकटते ते वाक्य खोडायचं, नवं लिहायचं, फीत पुन्हा करायची आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं.